विश्वकोशाचा तो खंड जागेवर राहू द्या

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. मी, एक लिपिक आणि शिपाईमामा, असे तिघंच. गेलं वर्षभर एक बाई आठवड्यातून दोनदा त्यांच्या १४ वर्षांच्या मुलाला घेऊन येतात. मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, बोलतो फार थोडं. आला की संदर्भाच्या कपाटातून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड काढतो आणि त्यातली चित्रं बघत बसतो. बसल्या बसल्या मोठ्यानं गुणगुणतो, हात झटकतो, मधेच उठून टेबलाभोवती फेऱ्या मारतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तक्रार करतात. मागच्या महिन्यात आम्ही कपाटं हलवली. त्या दिवशी त्याला खंड सापडेना. त्यानं जमिनीवर लोळण घेतली, किंचाळला, स्वतःच्या हाताला चावला. कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. कार्यवाह म्हणतात, “बाईंना सांगून टाका, मुलाला आणू नका.” एक संचालक म्हणतात, अशा मुलांसाठी महिन्यातून एक दिवस वेगळा ठेवू. त्यानंतर बाई आलेल्याच नाहीत. मी काय करू? पैसे नाहीत, माणसं नाहीत आणि मला यातलं काही शिक्षणही नाही.
— एक ग्रंथपाल

ताई,

आधी त्या व्हिडिओचं बघा, बाकीचं नंतर. काढणारा अभ्यासिकेतलाच असेल तर तुम्हाला तो नावानिशी माहीत असणार. बाजूला बोलवा, तुमच्यासमोर पुसायला लावा. कुठल्या ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही काढायला सांगा. अधिकारी व्हायचंय ना त्याला, मग कायदा वाचलेला असेलच : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं हा त्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. पोरगा वाईट असेलच असं नाही, हल्ली काहीही घडलं की लोकांचा हात आधी खिशातल्या मोबाइलकडे जातो. पण पुसायला हवा, आणि आजच.

आता त्या दिवसाबद्दल. ‘लोळण घेतली’ असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमच्या कार्यवाहांच्या डोक्यात बहुतेक तेच चित्र आहे, हट्टी पोराचं. हट्ट करणारं मूल अधूनमधून बघत असतं, आई बघतेय का म्हणून. मागितलेलं मिळालं की उठतं. या मुलाला त्या क्षणी खंड हातात दिला असता तरी तो लगेच शांत झाला नसता. वर्षभर तो एकाच वाटेनं येत होता. फाटक, चपलांचा रॅक, डावीकडचं दुसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. एवढ्या भरवशावर तो तुमच्या वाचनालयात तासभर बसू शकत होता. एके दिवशी कपाटच नाही. त्यात लोकांनी वेढा घातला असेल, चार जण एकदम बोलले असतील, कुणी दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला असेल. तिथून पुढे जे झालं ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

पुन्हा तशी वेळ आली तर करायचं ते थोडंच आहे. गर्दी हटवा, हे काम शिपाईमामांचं. त्याच्याशी एकाच माणसानं बोलायचं, शक्यतो आईनं, तेही दोन-चार शब्द. प्रश्न विचारायचे नाहीत. समजूत घालायची नाही, चॉकलेट पुढे करायचं नाही. डोक्यावरची ट्यूब बंद करता आली तर करा. खुर्च्या बाजूला सरकवा म्हणजे लागणार नाही. धरायचं फक्त खरोखर इजा होत असेल तेव्हा. मग थांबायचं, पाच मिनिटं लागोत की पंचवीस. ओसरलं की पाणी द्या आणि त्या विषयावर एक शब्दही बोलू नका. “असं करतात का शहाणी मुलं?” हे वाक्य तर मुळीच नको.

गुणगुणणं आणि हात झटकणं यालाही तुम्ही तक्रारीच्या यादीत बसवलंय. ते तिथून काढा. आपल्या कानाला सवयीनं ऐकूच न येणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा मुलांना ऐकू येतात, डोळ्यांना खुपतात : जुन्या चोकची घरघर, लुकलुकणारी ट्यूब, पंख्याची खडखड, लोखंडी खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. प्रत्येकाला सगळंच खुपतं असं नाही, काहींना उलट फिरता पंखा तासन्‌तास बघायला आवडतो. पण गुणगुणणं हे बरेचदा या सगळ्यावर त्यानं स्वतःच शोधलेलं औषध असतं. ते बंद करायला लावलंत तर तो बसूच शकणार नाही.

तुमचा प्रश्न तुम्ही असा मांडलाय की या मुलाला ग्रंथालयात कसं वागवायचं. मला वाटतं, आधी ग्रंथालयानं एका ठरावीक वळणानं वागायला शिकावं. पुढे काय होणार हे त्याला आधी कळलं तर अर्धी अडचण संपते, आणि याला पैसे लागत नाहीत.

एक पुस्तिका करा. मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा : फाटक बाहेरून दिसतं तसं, चपलांचा रॅक, तुमचं टेबल आणि त्यावरची नोंदवही, विश्वकोशाचं कपाट नव्या जागी, त्याची खुर्ची, पिण्याच्या पाण्याचा माठ. माणसांचेही घ्या, तुमचा आणि शिपाईमामांचा. एका पानावर एक फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात एक-दोन ओळी, मुलगा स्वतः बोलतोय अशा :

‘मी मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता ग्रंथालयात येतो.’

‘मी चपला रॅकमध्ये ठेवतो. आई वहीत सही करते.’

‘विश्वकोश आता खिडकीजवळच्या कपाटात आहे.’

‘कधी कधी पहिला खंड दुसरं कुणीतरी वाचत असतं. तेव्हा मी दुसरा खंड बघतो. त्यांचं वाचून झालं की खंड मला मिळतो.’

‘कधी कधी वीज जाते. पंखा बंद पडतो. थोड्या वेळानं वीज येते.’

‘पाच वाजता मी खंड कपाटात ठेवतो. मग आम्ही घरी जातो.’

अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत बसवली, सोशल स्टोरी म्हणतात तिला. तिचं मुख्य पथ्य असं की गोष्टीत बजावणं कमी आणि सांगणं जास्त असावं. ‘ओरडायचं नाही’, ‘पानं फाडायची नाहीत’ अशा ओळी घालायचा मोह आपल्या संचालक मंडळाला नक्की होणार. घालू देऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करा. एक प्रत त्याच्या घरी, एक तुमच्या टेबलावर. आई त्याला घरी ती रोज दाखवेल आणि यायच्या आधी पुन्हा एकदा.

पुस्तिका केली म्हणजे ती पाळायची जबाबदारी आता तुमच्यावर आली. आपली ग्रंथालयं बंद कधी असतील याचा नेम नसतो. साप्ताहिक सुटी ठरलेली असते, पण मधेच माजी अध्यक्ष वारले म्हणून शोकसभा, वार्षिक सभा, व्याख्यानमालेसाठी टेबलं भिंतीला लावलेली. बाकीचे वाचक चरफडतात आणि परत जातात. या मुलाला मात्र ते आदल्या दिवशी कळायला हवं. आईच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप आणि जमलं तर हॉलचा फोटो, एवढंच. कपाटं पुन्हा हलवायची असतील तर आठवडाभर आधी सांगा. हलवताना त्यालाच बोलावून खंड नव्या जागी ठेवायला लावता आले तर फारच उत्तम.

बोलण्याबद्दल थोडं. त्याच्याशी बोला, त्याच्या आईशी नव्हे. “याला काय हवंय?” असं आईला विचारलं जातं तेव्हा तो तिथेच उभा असतो आणि ऐकत असतो. वाक्य लहान, एका वेळी एकच गोष्ट, आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तराला वेळ लागतो, मधे तुम्ही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलात की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डोळ्याला डोळा भिडवत नाही म्हणून लक्ष नाही असं समजू नका. तुम्ही “कुठला खंड हवा?” म्हणालात आणि तोही “कुठला खंड हवा?” म्हणाला, तर तो टिंगल करत नाहीये. दोन-तीन खंड समोर ठेवा, तो बोट दाखवेल. आणि आपलं ते लाडकं “दोन मिनिटं हं”! आपण म्हणतो दोन आणि लावतो वीस. तो घड्याळाकडे बघत बसेल आणि तिसऱ्या मिनिटाला अस्वस्थ होईल. त्यापेक्षा “मोठा काटा सहावर आला की देते” म्हणा आणि काटा सहावर आला की द्या. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीतून बोलतं. घरी ते किंवा तसलं काही वापरत असतील तर आणायला सांगा.

विश्वकोशाच्या त्या खंडाचं काय करायचं? ‘अंक ते आतुरचिकित्सा’ एवढा मजकूर आहे त्यात, आणि त्याला दर वेळी तोच का हवा हे आपल्याला कळायची गरज नाही. तुमच्याकडे रोज त्याच त्या तीन लेखकांच्या कादंबऱ्या फिरवून फिरवून नेणारे सभासद आहेत, त्यांना आपण कधी विचारत नाही. कुणी सुचवेल की विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे, मोबाइलवर दाखवा. दाखवून बघा, पण त्याला बहुधा तो जाड, जड, त्याच्या ओळखीचा खंडच हवा असणार. संदर्भग्रंथ घरी न देण्याचा नियम खुशाल पाळा. फक्त कप्प्याला रंगीत पट्टी लावा, पट्टीवर १ ते २० आकडे मोठे लिहा आणि त्याच्या वारी, त्याच्या वेळी तो खंड जागेवर असेल एवढं बघा. दुसऱ्या कुणी घेतला असेल तर त्या जागी एक पुठ्ठा उभा करा, ‘खंड १ वाचनात आहे’. रिकामी फट दिसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा आपण दर १२ ऑगस्टला ग्रंथपालदिनी भाषणात म्हणतो : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. इथे वाचकानं आपलं पुस्तक स्वतःच शोधून काढलंय, तुम्हाला फक्त ते हलवायचं नाहीये.

काही दिवसांनी तो वीसही खंड ओळीनं लावायला लागला तर कौतुक करा, पण लगेच “बघा, किती हुशार असतात ही मुलं” असं सुरू करू नका आणि त्याला बिनपगारी मदतनीसही करू नका. त्याला आवडत असेल तर करेल. नसेल आवडत तर तो नुसता वाचक आहे, तेवढं पुरेसं आहे.

अभ्यासिकेच्या मुलांची तक्रार मी उडवून लावणार नाही. घरी जागा नाही म्हणून ती येतात, परीक्षा तोंडावर असते, आणि कुणी सतत गुणगुणत असेल तर अभ्यास होत नाही हे खरंच आहे. पण अख्ख्या इमारतीवर ‘शांतता राखा’ ही एकच पाटी लावून प्रश्न सुटत नाही. देवघेवीच्या टेबलाशी गप्पा चालतात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर राजकारण चालतं, ते कुणाला खुपत नाही. तेव्हा सरळ दोन भाग करा : अभ्यासिकेत पूर्ण शांतता आणि वाचनकक्षात हलका आवाज चालेल. तशा पाट्या लावा. मुलाची खुर्ची वाचनकक्षात, अभ्यासिकेच्या दारापासून सर्वांत लांब, पाठ भिंतीला लागेल अशी आणि पंख्याच्या थेट खाली नको. फेऱ्या मारायला तिथे थोडी मोकळी जागा राहू द्या. देवघेवीच्या नोंदी चाळून सर्वांत ओस तास कुठला ते शोधा. मी चार ते पाच धरलंय, तुमचा वेगळा असू शकतो. कारखान्यात कानांवर लावतात तसले इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दोन आणून टेबलावर ठेवा, ज्याला हवे त्यानं घ्यावेत, परीक्षेवाल्यांनीसुद्धा.

संचालकांची वेगळ्या दिवसाची कल्पना चांगल्या मनानं आलेली आहे, पण मला ती पटत नाही. महिन्यातून एक दिवस ‘त्यांचा’ ठरला की उरलेले सगळे ‘आपले’ होतात, आणि मग त्या दिवशी सोडून इतर वेळी कुणी आलं तर “तुमचा दिवस पहिल्या रविवारी असतो ना?” हे ऐकायला मिळतं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या वाचकाला महिन्यातून एकदा बोलावणं ही सोय नव्हे. ओस तासाला ‘निवांत तास’ म्हणा आणि तो सगळ्यांना खुला ठेवा. गर्दी-गोंगाट न सोसणारे आणखीही लोक गावात असतात, मोठ्या वयाचे स्वमग्न लोकही असतात. कित्येकांना त्यांचं निदान कधी झालेलंच नसतं, म्हणून प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) वगैरे दाराशी विचारत बसू नका.

मुलाला स्वतःच्या नावानं सभासद करून घ्या. आईच्या कार्डावर नको. वर्गणी आणि अनामत इतरांइतकीच. बालविभागातलं एखादं पुस्तक तो घरी नेईल, पान फाटलं तर नियमाप्रमाणे भरपाई घ्या. दया म्हणून नियम सोडलेत तर पहिल्या भांडणात तीच गोष्ट त्याच्याविरुद्ध निघेल.

कार्यवाहांशी बोलायचं तुम्हाला जड जातंय हे पत्रातून कळतंच आहे. तोंडी वाद घालू नका, एक पानी टिपण द्या. वर खर्च लिहा : पुस्तिकेचे प्रिंट, एक एलईडी ट्यूब, दोन इअरमफ, पाट्या. रक्कम बघून ते स्वतःच गप्प होतील. खाली दोन ओळी कायद्याच्या. २०१६च्या या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता त्यात आहे. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाच्या अनुदानावरच्या संस्थाही येतात, आणि आपण १९६७च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेतो. अवाजवी भार न पडता करता येण्यासारखी सोय नाकारणं हासुद्धा या कायद्यानं भेदभावच आहे. उल्लंघन झाल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख. हे धमकीच्या सुरात लिहायचं नाही, माहितीसाठी म्हणून लिहायचं. “बाईंना सांगून टाका” या सूचनेबद्दल एवढंच म्हणा की तसा ठराव मंडळानं लेखी करावा. लेखी कुणी करणार नाही.

प्रशिक्षणाची चिंता फार करू नका. न्यू जर्सीतल्या स्कॉच प्लेन्स आणि फॅनवूड या दोन छोट्या गावांच्या ग्रंथालयांनी २००८च्या सुमारास या विषयाला हात घातला तेव्हा त्यांनीही सुरुवात इमारतीपासून केली नाही, काउंटरवरच्या माणसांसाठी एक छोटी चित्रफीत केली. तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना एक दिवस तासभर बोलवा, तिघंही बसा. शिपाईमामांना चहा आणायला पाठवू नका त्या वेळात, कारण फाटकाशी मुलगा पहिल्यांदा त्यांनाच भेटतो.

राहिला मुलाच्या आईला करायचा फोन. तो तुम्हीच करा, कार्यवाहांनी नको. “झालं गेलं विसरा” म्हणू नका, ती विसरलेली नाही. “कपाटं हलवायच्या आधी आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं” असं सरळ म्हणा आणि तीन गोष्टी विचारा : त्याला काय आवडतं, कशानं त्रास होतो, त्रास झाला की कशानं बरं वाटतं. उत्तरं लिहून घ्या. ती कदाचित म्हणेल, “राहू द्या मॅडम, तुम्हाला उगाच त्रास.” तेव्हा व्हिडिओ पुसला आहे हे सांगा आणि पुस्तिकेचे फोटो पाठवते म्हणा, येण्याचा आग्रह नको. पहिल्या खेपेला दहाच मिनिटं आले तरी चालेल. आणि वर्षभर ती आठवड्यातून दोनदा येतेय, तर तिनं स्वतः कधी एखादं पुस्तक नेलंय का ते नोंदवहीत बघून ठेवा. नेलं नसेल तर आली की तिचंही कार्ड करा.

ता. क. : पुस्तिकेत स्वच्छतागृहाचं पान घालायला विसरू नका. फ्लशचा आवाज मोठा येतो का ते आधी स्वतः जाऊन ऐका, आणि येत असेल तर तसं पानावर लिहा.